महाविद्यालयाचे पहिले वर्ष : आदिलाबाद जिल्ह्याचा अनुभव व त्यातून मिळणारा बोध

खेड्यातील विद्यार्थी महाविद्यालयात दाखल झाला, की शिक्षणाचे मोठे काम उरकले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. प्रवेशअर्ज स्वीकारला गेला, शिष्यवृत्ती मंजूर झाली, वसतिगृहात जागा मिळाली, म्हणजे पालक निश्चिंत होतात आणि कार्यालयातील नोंदही पूर्ण होते. वस्तुस्थिती निराळी आहे. महाविद्यालय अर्धवट सोडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण पहिल्याच वर्षी गळतात, आणि त्या गळतीची सुरुवात बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, कोणाच्या ध्यानीमनी नसताना झालेली असते. अध्यापन कळेनासे होते. न कळल्याची लाज वाटू लागते. मग एखादा तास चुकतो, पुढे आठवडा चुकतो आणि परीक्षेच्या यादीत नाव असूनही विद्यार्थी परीक्षागृहात दिसत नाही. मुलगी असेल तर एका विषयातील अपयश हे तिचे शिक्षण थांबवून विवाह उरकण्याचे निमित्त ठरते. एका वर्षाचा हा प्रश्न, परंतु त्यावर एका आयुष्याची दिशा अवलंबून असते.

या विद्यार्थ्यांना वेळीच शैक्षणिक सहाय्य कसे द्यावे, याचा विचार करण्यासाठी तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या या प्रदेशात भाषेचे, अंतराचे व दारिद्र्याचे प्रश्न एकत्र आलेले आहेत. त्यांवर उपाय करण्याचे दोन महत्त्वाचे प्रयत्नही येथेच झालेले आहेत.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

गोदावरी, पैनगंगा व वर्धा या नद्यांच्या मधला हा मुलूख पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्याचा मोठा भाग आंध्र प्रदेशात गेला. किनवट व राजुरा हे भाग मात्र मराठी मुलखाला जोडले गेले व आज ते अनुक्रमे नांदेड व चंद्रपूर जिल्ह्यांत आहेत. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल व कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे करण्यात आले. २०११ च्या जनगणनेनुसार अविभक्त जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख असून साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६१ टक्के होते.

या प्रदेशात गोंड, कोलाम, परधान, आंध आदी जमातींची वस्ती आहे. बेला, जैनद, तामसी, भैंसा, मुधोळ या बाजूंना मराठी बोलणारी अनेक कुटुंबे आहेत व मराठी माध्यमाच्या शाळाही चालतात. शहरांत उर्दू सर्रास ऐकू येते. राज्यव्यवहाराची भाषा तेलुगू आहे. महाविद्यालयात, विशेषतः विज्ञान व वाणिज्य शाखांत, इंग्रजीचा प्रभाव अधिक. एकाच विद्यार्थ्याला घरी गोंडी, बाजारात मराठी, शाळेत तेलुगू व महाविद्यालयात इंग्रजी अशा चार पायऱ्या चढाव्या लागतात. चढण्याची शक्ती त्याच्या अंगी असते. परंतु पायऱ्यांमधील अंतर मोजण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

अडचणींचे खरे स्वरूप

पहिली अडचण भाषेची, आणि ती केवळ इंग्रजी बोलता न येण्याची नव्हे. मराठी माध्यमात पदार्थविज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्याला बल, वेग, त्वरण हे शब्द ठाऊक असतात. तेलुगू माध्यमातील त्याच्या सोबत्यालाही बलम्, वेगम्, त्वरणम् असेच शब्द शिकविलेले असतात. संस्कृतोद्भव परिभाषेमुळे हे दोघे एकमेकांच्या जवळ असतात, पण इंग्रजी पुस्तकातील फोर्स, व्हेलॉसिटी व ॲक्सिलरेशन यांपासून दोघेही सारखेच दूर. काही शब्द तर फसवे असतात. मराठीत ज्याला ऊर्जा म्हणतात त्याला तेलुगूत शक्ती म्हणतात. मराठीत मात्र शक्ती म्हणजे इंग्रजीतील पॉवर, व त्यासाठी तेलुगू शब्द आहे सामर्थ्यम्. मराठीतील वस्तुमान हे तेलुगूत द्रव्यराशी होते आणि घनता ही सांद्रत होते. शिक्षकाने तेलुगूत ‘शक्ती’ म्हटले व मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने ते पॉवर समजून उदाहरण सोडविले, तर उत्तर चुकते. दोष मात्र त्याच्या बुद्धीवर ठेवला जातो.

दुसरी अडचण अभ्यासाच्या रीतीची. शाळेत शिक्षक फळ्यावर उत्तर लिहून देतात व ते पाठ करून परीक्षा देता येते. महाविद्यालयात व्याख्यान ऐकत ऐकत टिपण काढावे लागते, पुस्तकातील नेमका भाग स्वतः शोधावा लागतो व शंका स्वतःहून विचारावी लागते. ही कौशल्ये कोणी शिकविलेली नसतात. ती आपोआप आली असतील असे गृहीत धरले जाते. ज्या घरात यापूर्वी कोणीही महाविद्यालय पाहिलेले नाही, तेथे ही रीत सांगणारेही कोणी नसते.

तिसरी अडचण काळाची व अंतराची. कापूस हे या प्रदेशाचे प्रमुख पीक. वेचणी ऑक्टोबरात सुरू होते आणि पुढे दोन-तीन महिने घरातील प्रत्येक हात शेतात हवा असतो. दिवाळीपूर्वी गोंड गावांत दंडारी व गुसाडीचे दिवस येतात. पौष अमावास्येला केसलापूर येथे नागोबाची यात्रा भरते. सत्रपद्धतीत पहिल्या सत्राचा महत्त्वाचा अभ्यास व परीक्षा नेमक्या याच सुमारास येतात. त्यातून गावाकडे जाणारी शेवटची बस लवकर सुटत असेल, तर दुपारनंतर ठेवलेला कोणताही जादा तास ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्याच वाट्याला येत नाही.

मारलवाईचा धडा

या प्रश्नाचे एक उत्तर याच जिल्ह्यात सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी शोधण्यात आले होते. १९४० मध्ये जोडेघाट परिसरात कोमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांचा उठाव झाला व त्यात ते मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास सांगितले. त्यांनी मारलवाई या गावी मुक्काम केला. १९४३ मध्ये तेथे शिक्षक प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार करण्यात आले. गोंडी भाषेची प्रारंभिक पुस्तके देवनागरी लिपीत सिद्ध करण्यात आली. मुलाने प्रथम आपल्या भाषेत वाचावयास शिकावे व त्या आधारावर पुढची भाषा हस्तगत करावी, असा हा क्रम होता.

याच काळात हैदराबाद संस्थानच्या सेवेत असलेले मराठी इतिहाससंशोधक सेतुमाधवराव पगडी यांनीही या भागात काम केले. त्यांनी गोंडी भाषा आत्मसात केली आणि तिचे व्याकरण लिहिले. ज्या लोकांसाठी काम करावयाचे त्यांची भाषा अधिकाऱ्याने शिकावी, हा आदर्श त्यांनी घालून दिला. पुढे राज्यपुनर्रचनेनंतर तेलुगू माध्यमाचा विस्तार झाला व गोंडी पुस्तके मागे पडली. तथापि मारलवाईचे तत्त्व जुने झालेले नाही. विद्यार्थी जेथे उभा आहे तेथून आरंभ करावा, पुढची भाषा टप्प्याटप्प्याने आणावी, आणि शिकविणारा त्याच्याच समाजातून तयार करावा, ही तीन सूत्रे प्राथमिक शाळेइतकीच महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षालाही लागू पडतात.

बासर येथील प्रयोग

दुसरा प्रयत्न अलीकडचा आहे. गोदावरीतीरी असलेले बासर हे सरस्वतीचे क्षेत्र म्हणून सर्वपरिचित आहे. मुलांच्या अक्षरारंभासाठी महाराष्ट्रातूनही असंख्य कुटुंबे तेथे जातात. २००८ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेश शासनाने राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ स्थापन केले व त्याच्या तीन परिसरांपैकी एक बासर येथे उभा राहिला. त्या वेळी बासर आदिलाबाद जिल्ह्यात होते. आज ते निर्मल जिल्ह्यात आहे. संगणकशास्त्रज्ञ डॉ. राज रेड्डी हे या विद्यापीठाचे पहिले कुलपती होते.

येथे दहावीच्या गुणांवर प्रवेश देण्यात येतो व अभ्यासक्रम एकूण सहा वर्षांचा असतो. पहिली दोन वर्षे पदवीपूर्व अभ्यासक्रमाची व पुढील चार वर्षे अभियांत्रिकीची. ग्रामीण भागातील शासकीय, जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकेच्या शाळांतून आलेल्यांच्या श्रेणीगुणांत ०.४ इतकी भर घालण्याची पद्धत प्रवेशासाठी अवलंबिण्यात आली. शिक्षण निवासी असून संगणकाच्या साहाय्याने स्वतः करून शिकण्यावर भर होता.

या रचनेतील लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की पूर्वतयारीची दोन वर्षे ही दुर्बलांसाठी ठेवलेली वेगळी शिकवणी नाही. ती सर्वांच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. त्यामुळे सहाय्य घेणारा आणि न घेणारा असा भेद उरत नाही. कोणाला लाज वाटण्याचे कारण पडत नाही. इंग्रजीची व गणिताची कमतरता भरून काढण्यास पुरेसा काळ मिळतो.

तथापि रचना चांगली असली तरी तिची नित्य देखभाल करावी लागते, हेही बासरनेच दाखविले. जून २०२२ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी नियमित कुलगुरू, पुरेसे शिक्षक व मूलभूत सोयी यांच्या मागणीसाठी अनेक दिवस शांततेने धरणे धरले. भोजन, निवास व अध्यापक यांची व्यवस्था ढासळली, तर कोणताही सहाय्य कार्यक्रम एकटा तग धरू शकत नाही.

अन्यत्रचे अनुभव

महाराष्ट्रातही या विचाराची परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये सातारा येथे शिवाजी महाविद्यालय सुरू केले. श्रम करून शिकण्याची संधी दिल्याने गरीब घरातील तरुणांना पदवीचा मार्ग खुला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे जे महाविद्यालय काढले ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. मराठवाडा तेव्हा आदिलाबादप्रमाणेच हैदराबाद राज्यात होता. खेड्यांतून आलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह व महाविद्यालय यांची जोड तेथे महत्त्वाची ठरली.

परदेशांतील तीन उदाहरणे विशेष बोधप्रद आहेत. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे मिसुरी विद्यापीठात १९७३ मध्ये डीॲना मार्टिन यांनी एक पद्धत सुरू केली. ‘कच्चे विद्यार्थी’ निवडण्याऐवजी त्यांनी ‘कठीण विषय’ निवडले. तो विषय चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेला वरच्या वर्गातील विद्यार्थी पुन्हा त्या तासांना बसतो व नंतर गटाचा अभ्यास घेतो. गटात येण्यास सर्वांना मुभा असते. बर्कली येथे युरी ट्राइसमन यांनी १९७० च्या दशकात असे पाहिले, की गणितात मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, परंतु एकटे अभ्यास करीत. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत. तेव्हा त्यांनी सोपी नव्हे, तर अधिक कठीण उदाहरणे देऊन गटाने काम करण्याचे वर्ग चालविले. न्यूयॉर्क येथील नगर विद्यापीठाने २००७ मध्ये सुरू केलेल्या योजनेत मार्गदर्शक शिक्षक, पुस्तके, शिकवणी व प्रवासाचे पास यांची एकत्रित सोय करण्यात आली. तुलनात्मक पाहणीत योजनेतील सुमारे ४० टक्के विद्यार्थी तीन वर्षांत पदविका पूर्ण करू शकले. योजनेबाहेरील तशाच विद्यार्थ्यांत हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते.

भारतातही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ ही नवागत विद्यार्थ्यांसाठीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. नवागतांचे छोटे गट करून प्रत्येक गट एका शिक्षकाच्या देखरेखीखाली द्यावा, असे त्यात सुचविले आहे. पुष्कळ ठिकाणी मात्र हा कार्यक्रम स्वागतसमारंभ व भाषणे यांपुरताच उरतो.

सहाय्य कार्यक्रमाची रचना

वरील अनुभवांचा विचार करता ग्रामीण महाविद्यालयात, फारसा खर्च न करता, पुढीलप्रमाणे योजना आखता येईल.

१. नैदानिक कसोटी : पहिल्याच आठवड्यात गुण न देता एक कसोटी घ्यावी. अर्धे पान इंग्रजी वाचून त्याचा आशय स्वतःच्या भाषेत सांगणे, टक्केवारी, गुणोत्तर व आलेखवाचन, आणि दहा मिनिटांचे भाषण ऐकून टिपण काढणे असे तिचे तीन भाग असावेत. कसोटीचा हेतू निवड करणे हा नसून कोठून आरंभ करावा हे ठरविणे हा आहे, असे विद्यार्थ्यांस स्पष्ट सांगावे.

२. परिभाषेचा तक्ता : प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने पहिल्या सत्रातील सुमारे शंभर मुख्य संज्ञा इंग्रजी, तेलुगू व मराठी अशा तीन स्तंभांत लिहून वर्गात लावाव्यात. शक्ती, सामर्थ्य यांसारख्या फसव्या शब्दांवर खूण करावी. गोंडी वा कोलामी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना चौथा स्तंभ भरण्यास सांगावे. तक्ता भरता भरताच पुष्कळ संकल्पना स्पष्ट होतात.

३. कठीण विषयाची निवड : मागील तीन वर्षांचे निकालपत्रक पाहून ज्या विषयांत सर्वाधिक विद्यार्थी अनुत्तीर्ण होतात असे एक-दोन विषय निश्चित करावेत व सहाय्याची शक्ती तेथेच लावावी. सर्वच विषयांचे जादा तास ठेवल्यास कोणताच नीट होत नाही.

४. ज्येष्ठ विद्यार्थी-मार्गदर्शक : दुसऱ्या व तिसऱ्या वर्षातील, गोंडी, मराठी किंवा तेलुगू बोलणारे विद्यार्थी निवडून त्यांना अल्प मानधन द्यावे. उत्तर सांगून टाकू नये, प्रश्न विचारून विद्यार्थ्यासच उत्तरापर्यंत न्यावे, हे त्यांना प्रारंभी शिकवावे. मारलवाईच्या गोंड शिक्षकांचे तत्त्व येथे नव्या रूपाने उपयोगी पडते.

५. वेळापत्रकातील स्थान : सहाय्याचा तास नियमित वेळापत्रकात, मध्यान्हापूर्वी असावा. शेवटची बस गेल्यावर घेतलेला तास हा केवळ कागदोपत्री तास होय.

६. पालक-शिक्षक : सुमारे वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक नेमावा. लागोपाठ तीन दिवस गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याची चौकशी चौथ्या दिवशी व्हावी. चौकशीचा सूर जाब विचारण्याचा नसून विचारपूस करण्याचा असावा.

७. लवकर चाचणी : चौथ्या आठवड्यात छोटी चाचणी घेऊन त्याच आठवड्यात उत्तरपत्रिका परत द्याव्यात. सत्रान्ती कळलेले अपयश सुधारण्यास वेळ उरत नाही. चौथ्या आठवड्यात कळलेली उणीव भरून काढता येते.

८. स्थानिक दिनमानाचा विचार : अंतर्गत चाचण्यांच्या तारखा ठरविताना दंडारीचे दिवस, नागोबाची यात्रा व कापसाच्या वेचणीचा ऐन हंगाम यांचे भान ठेवावे. सुटीनंतरचा पहिला आठवडा उजळणीसाठी राखून ठेवावा.

एक सावधगिरी आवश्यक आहे. अनेक महाविद्यालयांच्या कागदपत्रांत ‘मंद अध्ययनार्थी’ असा वर्ग पाडण्याची प्रथा आहे. हा शिक्का एकदा बसला की तो विद्यार्थ्याच्या मनावरही उमटतो, आणि ज्याने यावे तोच वर्गाकडे पाठ फिरवितो. चार भाषांतून वाट काढीत महाविद्यालयापर्यंत आलेल्या विद्यार्थ्याला मंद म्हणणे हे वस्तुस्थितीलाही धरून नाही.

ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांचे कार्य

शाळेतील शिक्षकांनी दहावीच्या अखेरच्या दोन महिन्यांत मुख्य विषयांतील इंग्रजी संज्ञांचा परिचय करून द्यावा, तसेच स्वतः टिपण काढण्याचा सराव घ्यावा. गावातून महाविद्यालयात जाणारे विद्यार्थी कोण, याची यादी मुख्याध्यापकांकडे असावी व त्यांपैकी कोणी परत आल्याचे कळताच महाविद्यालयास कळविण्यात यावे.

ग्रामस्थांनी शिकणाऱ्या मुलामुलींस सत्रपरीक्षेच्या पंधरवड्यात तरी वेचणीच्या कामातून मोकळे ठेवावे. मागील वर्षी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने नव्याने जाणाऱ्यांना गावातच आठ दिवस मार्गदर्शन केले, तर नवखेपणाची भीती पुष्कळ कमी होते. एखाद्या विषयात मुलगी अनुत्तीर्ण झाल्यास तिचे शिक्षण थांबविण्यापूर्वी तिच्या पालक-शिक्षकाची भेट घ्यावी. एक राहिलेला विषय पुढील परीक्षेत सोडविता येतो, हे अनेक पालकांना ठाऊकच नसते.

अधिकाऱ्यांनी शिष्यवृत्ती, वसतिगृह व वाहतूक यांचा मेळ पहिल्या सत्राशी घालणे अगत्याचे आहे. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून साध्या व एक्स्प्रेस बसगाड्यांत महिलांना मोफत प्रवासाची सवलत मिळाली, त्यामुळे मुलींच्या प्रवासखर्चाचा प्रश्न बराच हलका झाला. गाडीची वेळ व तासांची वेळ यांचा मेळ घालणे मात्र शिल्लक आहे. सत्र संपत आल्यावर हाती पडलेली शिष्यवृत्ती पुस्तके घेण्याच्या कामी येत नाही.

कार्यक्रम सफल झाला की नाही हे किती तास घेतले यावरून ठरवू नये. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती विद्यार्थी पहिल्या सत्राच्या परीक्षेस बसले, किती सर्व विषयांत उत्तीर्ण झाले व किती दुसऱ्या वर्षी परत आले, हे तीन आकडे पुरेसे आहेत. शाळेचे माध्यम, मातृभाषा, मुलगा की मुलगी, वसतिगृहात राहणारा की रोज ये-जा करणारा, या क्रमाने ते मांडल्यास उणीव नेमकी कोठे आहे हे आपोआप दिसून येईल.

हे सर्व केवळ आदिलाबादपुरते नाही. किनवट, राजुरा व पांढरकवडा येथे, तसेच २०११ मध्ये स्थापन झालेल्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रातही विद्यार्थ्यांची स्थिती बहुतांशी अशीच आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या महाविद्यालयांनी परिभाषेचे तक्ते व अनुभव यांची देवाणघेवाण केल्यास दोहोंचा लाभ होईल. मारलवाईने मुलाच्या भाषेतून आरंभ करावयास शिकविले. बासरने पूर्वतयारी हा सर्वांच्याच अभ्यासक्रमाचा भाग असावा हे दाखविले. या दोन गोष्टींची सांगड घालून पहिल्या सहा आठवड्यांची नीट आखणी झाली, तर महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडून आत आलेला विद्यार्थी पदवी घेऊनच बाहेर पडण्याची शक्यता निश्चितच वाढेल. त्यासाठी नव्या इमारतीची वाट पाहावी लागत नाही. येत्या सत्राच्या पहिल्या सोमवारी आरंभ करता येतो.